अंधारात पाहणारा डोळा

जुन्नर-आंबेगावच्या ऊसपट्ट्यात बिबट्याचा वावर नवा नाही. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्रच आहे. रात्री गोठ्याकडे जाण्यापूर्वी अंगण पाहून घेणे हा तेथे जिवाचा प्रश्न असतो. मग त्यासाठी कॅमेरा कोणता निवडावा?

आपल्या डोळ्यांना सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. कॅमेऱ्यातील सिलिकॉनला मात्र सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचे अवरक्त किरणही जाणवतात. म्हणून कॅमेऱ्याभोवती अवरक्त दिवे बसवतात. ८५० नॅनोमीटरचे दिवे किंचित लालसर दिसतात. ९४० चे दिसत नाहीत. पण त्या किरणांना सिलिकॉन कमी दाद देते, म्हणून कॅमेऱ्याचा पल्ला घटतो.

अंतर दुप्पट झाले की बिबट्यावर पडणारा दिव्याचा प्रकाश चौथाई होतो. तेव्हा गोठा किती मीटरवर आहे, ते आधी मोजा. नुसते मेगापिक्सेल पाहून भुलू नका. संवेदक तेवढाच ठेवून पिक्सेल वाढवले, तर प्रत्येकाच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. भिंगाचा एफ-अंक मात्र लहान हवा. एफ २.८ ऐवजी एफ १.४ घेतल्यास चौपट प्रकाश आत येतो.

औष्णिक कॅमेऱ्याला दिवा लागत नाही. तो प्राण्याच्या अंगातून निघणारे, १० मायक्रोमीटरच्या आसपासचे किरण टिपतो. पण तो महाग असतो, आणि दाट उसाआडचे त्यालाही दिसत नाही.

घरी एक प्रयोग करा. टीव्हीच्या रिमोटचे टोक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबा. डोळ्यांना न दिसणारा दिवा पडद्यावर बहुधा लुकलुकताना दिसेल!

मात्र लक्षात ठेवा, कॅमेरा बिबट्याला अडवत नाही, फक्त वर्दी देतो. म्हणून आधी पडदा पाहा, मगच दार उघडा.