तीन पेडांचा दोर आणि मंद आच

नागपूरहून वर्ध्याकडे जाताना केळझर लागतं. टेकडीवरच्या सिद्धिविनायकासाठी लोक इथं थांबतात. हीच महाभारतातली एकचक्रानगरी, बकासुराला भीमानं इथंच मारलं, असं गावकरी सांगतात. बकासुराचा गाडाभर भात सगळ्यांच्या लक्षात राहतो. तोच भीम पुढं विराटाच्या वाड्यात बल्लव नावानं मुदपाकखाना सांभाळत होता, हे मात्र विसरलं जातं. तेव्हा या गावाच्या निमित्तानं चुलीविषयी बोलायला हरकत नसावी.

चुलीवर चढवायचा पदार्थ जरा लांबचा आहे. चीनमध्ये घरोघरी होणारा ‘होंग शाओ रोउ’ म्हणजे डुकराच्या पोटाकडचं मांस कातडी आणि चरबीसकट, गोडसर-खारट रश्श्यात तास-दोन तास मुरवलेलं. आपल्या चायनीज गाड्यांवर हा प्रकार दिसत नाही. तिथं मोठ्या आचेवर मिनिटांत हात मोकळा करायचा असतो. मांस बहुधा नागपूरहून आणावं लागेल. पण खडीसाखर, आलं, कांद्याची पात आणि आपल्या मसाल्यातलं बाद्यान शोधायला लांब जायला नको. अडतं ते तांदळाच्या दारूपाशी. वर्धा जिल्ह्यात कित्येक दशकं दारूबंदी आहे, त्यामुळं ती वगळायची. रश्श्यात दारूचं काम मुख्यतः वासाचं: मसाल्यातली सुगंधी द्रव्यं तिच्यात चांगली विरघळतात आणि उडून जाताना ती मांसाचा उग्रपणाही थोडा सोबत नेते. आलं जरा जास्त घातलं की बरंचसं भागतं.

रश्श्याला खारटपणा देणाऱ्या सोया सॉसची गंमत वेगळीच. केळझरच्या शिवारात सोयाबीन उदंड, पण ते जातं तेलाच्या गिरणीत आणि उरलेली पेंड जनावरांच्या खाद्यात. चीन-जपानमध्ये तेच दाणे शिजवून, गव्हासोबत त्यावर ‘ॲस्परजिलस ओरायझी’ ही बुरशी वाढवतात आणि मग मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने ठेवतात. बुरशीची विकरं प्रथिनं तोडत जातात आणि ग्लुटामेट मोकळं होतं. किकुनाए इकेदा यांनी 1908 साली समुद्री शेवाळातून वेगळा काढला तो हाच पदार्थ, ‘उमामी’ चवीचा धनी.

आता मूळ मुद्दा, त्या चिवट कातडीचा. ती चिवट असते कोलॅजनमुळं. 1954 साली मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था यांनी या प्रथिनाची रचना मांडली: तीन साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या, तीन पेडांच्या दोरासारख्या. मांस 60-65 अंशांवर गेलं की दोर आखडतो, मांसाचे तंतूही आवळतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर पडतं. अर्ध्या तासात झाकण काढून पाहणाऱ्याला म्हणूनच मांस कडक लागतं आणि तो आच वाढवतो. तिथंच घोटाळा होतो. दोराचा पीळ सुटून त्याचं जिलेटिन व्हायला 70 अंशांच्या वर बराच वेळ लागतो. रस्सा खदखदवून पाण्याचं तापमान काही शंभराच्या पुढं जात नाही, मांसाचे तुकडे तेवढे फुटतात. मधूनच एखादा बुडबुडा यावा, इतकीच आच पुरे. काडी कातडीतून अलगद आरपार गेली की झालं. कुकरमध्ये तापमान 120 अंशांच्या आसपास जातं, त्यामुळं काम लवकर उरकतं. पण वाफ कोंडलेली असल्यानं रस्सा आटत नाही. झाकण उघडून तो नंतर आटवावाच लागतो.

रंगाचं काम पाणी घालण्याआधी उरकायचं, कारण साखरेचं कॅरमल 160-170 अंशांशिवाय होत नाही. थोड्या तेलात खडीसाखर वितळवायची, ती तांबूस झाली की आधी उकळून निथळलेले तुकडे त्यात परतायचे. इथं फोन घेऊ नये. तांबूस आणि कडू यांत काही सेकंदांचंच अंतर असतं.

डुक्कर म्हटलं की पट्टकृमीची भीती निघते, आणि ती खोटी नाही. ‘टीनिया सोलियम’च्या अळ्या मांसात गाठी करून असतात, कच्चं मांस खाल्लं तर माणसाच्या आतड्यात कृमी वाढतो. तासभर उकळीजवळ राहिलेल्या मांसात मात्र या अळ्या जगत नाहीत. मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा आजार वेगळ्या वाटेनं येतो. ज्याच्या पोटात कृमी आहे, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. जन्मात डुक्कर न खाल्लेल्या माळकऱ्यालाही हा आजार होऊ शकतो. उघड्यावर शौच आणि उकिरड्यावर मोकाट डुकरं, हे त्याचं मूळ. म्हणून मांस घ्यायचं ते बंदिस्त वराहपालनातलं.

उरलेला रस्सा पौष-माघाच्या रात्री भांड्यात थिजलेला दिसेल. ती जिलेटिनची करामत. वैशाखात, पारा 45 वर असताना, तो ओट्यावर पातळच राहणार, कारण जिलेटिन तिशी-पस्तिशीतच वितळतं. पण असा प्रथिनांनी भरलेला कोमट रस्सा जिवाणूंना फार आवडतो, तेव्हा जेवणं झाली की तो लगेच फ्रीजमध्ये ठेवावा. सकाळी वर साचलेला चरबीचा पांढरा थर चमच्यानं काढता येतो, आणि दुसऱ्या दिवशीचा रस्सा पहिल्या दिवसापेक्षा सरस लागतो.