प्रसाधनकलेचे शिक्षण आणि इंग्रजीची भीती

दहावीचा निकाल हाती आला की पुण्यातील घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो, तो म्हणजे ‘पुढे काय?’ कोणाचा ओढा शास्त्राकडे असतो, कोणाचा वाणिज्याकडे. परंतु एखादी मुलगी अशीही असते की, घरात लग्नकार्य निघाले म्हणजे साऱ्या बहिणी व मावश्या वेणीफणीसाठी तिच्यापुढे येऊन बसतात, आणि तिच्या हातची मेंदी पाहून पाहुणेही थबकतात. एखाद्या मुलाला केस कापण्याची कात्री हाती आली म्हणजे जेवणाखाण्याचे भान राहत नाही. अशा मुलांनी ‘मला प्रसाधनकला शिकावयाची आहे’ असे म्हटले की वडीलमंडळी बहुधा दोन हरकती घेतात. पहिली अशी की, हे काम प्रतिष्ठेचे नव्हे. दुसरी अशी की, ‘तुझे इंग्रजी कच्चे, त्या धंद्यात पावलोपावली इंग्रजी लागते, तेथे तुझा निभाव कसा लागणार?’ या दोन्ही हरकतींचा, विशेषतः दुसरीचा, येथे विचार करावयाचा आहे.

पहिल्या हरकतीस आपल्याच इतिहासाने उत्तर देऊन ठेवले आहे. १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी, सत्यशोधक चळवळीतील कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रेरणेने, विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. ज्या कामाची मजुरी मिळत होती, तेच काम त्यांनी अन्याय म्हणून नाकारले. ज्या धंद्यातील माणसे पोटापेक्षा विवेक मोठा मानतात, तो धंदा हलका कसा म्हणावा? काम हलके की थोर, हे करणाऱ्याच्या वृत्तीवरून ठरते.

आता दुसरी हरकत. ती खोटी नाही. पण ती नेमकी कोठे खरी आहे, हे पाहिले पाहिजे.

या कलेचे तीन भाग पाडता येतात. पहिला हाताचा. दोऱ्याने भुवई कोरताना कातडी किती ताणावी, कात्री कोणत्या कोनात धरावी, चेहऱ्यावर बोटे कोणत्या दिशेने फिरवावी, हे सर्व पाहून आणि करून येते. हाताला व्याकरण नसते. दुसरा भाग शास्त्राचा. त्वचेचे थर कोणते, केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो म्हणजे काय, केसाला रंग कशाने येतो, एका माणसाच्या कंगव्यावरून दुसऱ्याच्या डोक्यात रोग कसा जातो, उपकरणे निर्जंतुक कशी करावी, हे सारे मराठीत उत्तम समजते. त्यातील पुष्कळसे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात येऊनही गेलेले असते. तिसरा भाग बोलण्याचा व वाचण्याचा. इंग्रजीचा संबंध येतो तो मुख्यतः येथे.

त्यातही बोलण्याचे पाहू. पेठांतील वा कोथरुडातील गिऱ्हाईक मराठीत बोलते. हिंजवडीस नोकरीसाठी आलेले परप्रांतीय गिऱ्हाईक हिंदीत किंवा इंग्रजीत बोलते. कोरेगाव पार्कच्या बाजूस एखादा परदेशी पाहुणाही येतो. म्हणजे पुण्यात इंग्रजी लागते खरी. पण जी लागते ती थोडी, ठरावीक आणि रोज तीच ती. केस किती आखूड करावे, पाणी फार गरम आहे का, त्वचेला काही सोसत नाही का, पूर्वी कोणता रंग लावला होता, अशा पंचवीस-तीस प्रश्नोत्तरांत बहुतेक व्यवहार उरकतो.

वाचण्याचे पाहू गेले तर मोठी गंमत दिसते. ज्या शब्दांना आपण इंग्रजी समजून भितो, त्यांतील कित्येक इंग्रजी नव्हेतच. ‘शॅम्पू’ हा शब्द हिंदीतील चाँपणे, म्हणजे अंग दाबणे वा चेपणे, यावरून इंग्रजीत गेला. ‘मॅनिक्युअर’ या शब्दाच्या मुळाशी हात आणि निगा या अर्थांचे दोन लॅटिन शब्द आहेत. बाटलीच्या पाठीवर घटकांची जी यादी असते, तीत पाण्याला ‘ॲक्वा’ म्हणतात, नारळाला ‘कोकोस न्यूसिफेरा’, शिकेकाईला ‘अकेशिया कॉन्सिना’, मेंदीला ‘लॉसोनिया इनर्मिस’ आणि हळदीला ‘कुर्कुमा लाँगा’. ही नावे लंडनमध्ये जन्मलेल्या मुलीलाही पाठच करावी लागतात. उलट आपल्या मुलीने शिकेकाईने केस धुतलेले असतात, आजीने दिवाळीच्या पहाटे उटणे लावलेले असते. पदार्थ तिच्या ओळखीचा आहे. नवे आहे ते केवळ त्याचे नाव.

मग भिण्यासारखे काहीच नाही का? आहे, आणि ते विद्यार्थ्यांनी व पालकांनी नीट समजून घ्यावे. केस रंगविताना रंगात जे द्रावण मिसळतात, त्यास धंद्यात ‘डेव्हलपर’ म्हणतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असते. बाटलीवर १०, २०, ३० किंवा ४० असा आकडा आणि पुढे ‘व्हॉल्यूम’ हा शब्द असतो. गणितात व्हॉल्यूम म्हणजे घनफळ, रेडिओवर व्हॉल्यूम म्हणजे आवाज. येथे त्याचा अर्थ असा की, या द्रावणाच्या एका मापातून प्राणवायूची किती मापे सुटतात. म्हणून २० व्हॉल्यूम म्हणजे शेकडा २० नव्हे, तर शेकडा सुमारे ६. आणि ४० व्हॉल्यूम म्हणजे शेकडा सुमारे १२. शिकविणाऱ्या बाईंनी वीस सांगितले आणि शिकणारीने चाळिसाची बाटली उचलली, तर केसांची नासाडी होते व डोक्याची कातडी भाजू शकते. चूक एका शब्दाची, भोग दुसऱ्याच्या डोक्याला.

तीच गोष्ट कलपाची. पुष्कळ कलपांत पॅराफिनिलिनडायमीन नावाचे रसायन असते. ते बहुतेकांना सोसते. काहींना मात्र त्याने खाज, सूज व फोड येतात. आपल्याकडील औषधे व सौंदर्यप्रसाधने यांविषयीचा कायदा १९४० सालचा आहे. त्याखालील नियमांत असे आहे की, अशा कलपावरील ताकीद इंग्रजीत आणि स्थानिक भाषांतही छापली पाहिजे. कलपाने त्वचेचा दाह होऊ शकतो, म्हणून आधी परीक्षा घ्यावी. आणि तो पापण्यांना वा भुवयांना कदापि लावू नये, कारण त्याने अंधत्व येऊ शकते, असा त्या ताकिदीचा आशय आहे. परीक्षेची रीतही सोबत द्यावी लागते. कानामागची किंवा हाताच्या आतल्या बाजूची थोडी जागा स्वच्छ करून तेथे तयार कलपाचा ठिपका लावावयाचा, २४ तास थांबावयाचे, मग ती जागा धुऊन पाहावयाची. लाली वा आग नसेल तरच कलप डोक्याला लावावयाचा. काही कारखानदार ४८ तास थांबण्यास सांगतात. तेव्हा पाकिटातील कागद दर वेळी वाचावा. या नियमातील मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. जी ताकीद वाचणाऱ्यास समजत नाही ती ताकीदच नव्हे, हे प्रत्यक्ष कायद्याने मान्य केले आहे.

यावरून खरी अडचण कोणती, ते उघड होते. इंग्रजी न येणे ही मोठी अडचण नव्हे. न समजता समजल्यासारखी मान डोलावणे, ही आहे. वर्गात इतरांपुढे हसे होईल या लाजेने मुलगी विचारीत नाही, गिऱ्हाईक काय म्हणाले ते अर्धेच कळले तरी ‘यस मॅडम’ म्हणून कात्री चालविते, आणि कापलेले केस काही परत जोडता येत नाहीत. याउलट ‘कृपा करून पुन्हा सांगा’ एवढे एक वाक्य जिला धिटाईने म्हणता येते, तिच्या हातून चुका कमी होतात. अस्खलित बोलणारीपेक्षा दोनदा विचारणारी अधिक भरवशाची.

शिक्षण मातृभाषेत आणि इंग्रजी एक विषय म्हणून, ही वाट पुण्याला नवी नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले, तेव्हा हेच धोरण ठेविले. शिकविण्याचे माध्यम मातृभाषा. इंग्रजी मात्र आवश्यक विषय. पहिल्या वर्षी महाविद्यालयात अगदी मोजक्याच विद्यार्थिनी होत्या. आज तेच श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ म्हणून सर्वत्र प्रसिद्ध आहे. ज्ञान आपल्या भाषेत मुरवावे आणि परभाषा हत्यारासारखी हाती घ्यावी, हा अण्णासाहेबांचा विचार प्रसाधनकलेच्या शिक्षणास तंतोतंत लागू पडतो.

हे शिक्षण कोठे मिळते? शासनाच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत, ज्यांस आपण आय.टी.आय. म्हणतो, ‘कॉस्मेटॉलॉजी’ नावाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. त्यास दहावी उत्तीर्ण असावे लागते व प्रवेश गुणानुक्रमाने होतो. पुण्यात औंध येथे शासनाची अशी संस्था आहे. त्या त्या वर्षीचे अभ्यासक्रम व जागा प्रवेशाच्या माहितीपत्रकात पाहाव्या. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. विशेष हे की, या अभ्यासक्रमांत हाताच्या कामाबरोबर रोजगारकौशल्ये नावाचा विषय असून त्यात प्राथमिक इंग्रजीही शिकवितात. म्हणजे इंग्रजी येत नाही म्हणून दाराबाहेर थांबावयाचे नाही. ती दाराच्या आत गेल्यावर शिकावयाची.

शहरात खासगी वर्गही पुष्कळ आहेत. तेथे पैसे भरण्यापूर्वी पालकांनी चार गोष्टी विचाराव्या. प्रत्यक्ष माणसांवर किती काम करावयास मिळेल? टिपणे व परीक्षा कोणत्या भाषेत? प्रमाणपत्र कोण देते आणि ते कोण मानते? शुल्काची पावती मिळेल काय? ज्या ठिकाणी या प्रश्नांची सरळ उत्तरे मिळत नाहीत, तेथील गुळगुळीत इंग्रजीस भुलू नये.

शिकू इच्छिणाऱ्यांसाठी इंग्रजीचा एक सोपा उपाय सांगतो. एक वही करावी व तिच्या पानावर तीन रकाने आखावे. पहिल्यात बाटलीवरचा शब्द जसाच्या तसा, दुसऱ्यात त्याचा मराठी अर्थ, तिसऱ्यात त्याविषयीची खबरदारी. रोज केवळ पाच शब्द लिहिले तरी तीनशे दिवसांत दीड हजार होतात. गिऱ्हाइकाशी बोलावयाची वाक्ये आरशासमोर मोठ्याने म्हणावी. गिऱ्हाइकाने सांगितलेले काम सुरू करण्यापूर्वी आपल्या शब्दांत परत बोलून दाखवावे. शब्द अडले तर चित्र दाखवावे, केसांची लांबी बोटांनी मोजून दाखवावी. यात कमीपणा नाही. कसलेले कारागीरही हेच करतात.

परभाषेच्या मुलखात जाऊन या कलेवर उभे राहिलेल्यांची उदाहरणे जगात आहेत. पाटण्यास १७५९ साली जन्मलेले शेख दीन महंमद १७८४ मध्ये आयर्लंडास गेले. तेथे राहून त्यांनी इंग्रजीचा अभ्यास केला व १७९४ साली आपल्या प्रवासाचे पुस्तक त्या भाषेत प्रसिद्ध केले. पुढे इंग्लंडातील ब्रायटन येथे त्यांनी स्नानगृह काढून अंग चेपण्याची आपली देशी विद्या नावारूपाला आणली, इतकी की चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या राजांनीही त्यांची सेवा घेतली. तसेच १९७५ साली व्हिएतनाममधून अमेरिकेत आलेल्या निर्वासित स्त्रियांचे. कॅलिफोर्नियातील एका छावणीत टिप्पी हेड्रन ही अभिनेत्री मदतीस जात असे. तिच्या सुबक नखांकडे त्या स्त्रिया कौतुकाने पाहत. तेव्हा तिने आपल्या नखप्रसाधिकेस बोलावून वीस जणींना ती कला शिकविली. त्यांचे इंग्रजी फार थोडे होते. तरी त्यांच्यापासून सुरू झालेल्या या वाटेने असंख्य व्हिएतनामी कुटुंबे पोटास लागली, आणि पुढे त्या राज्याने या धंद्याची लेखी परीक्षा व्हिएतनामी भाषेतही देण्याची सोय केली. आधी हात चालला. जीभ मागून चालू लागली.

शुभवर्तमानातील एक दाखला आपण प्रार्थनेच्या वेळी अनेकदा ऐकला आहे. धन्याने दासांना द्रव्य सोपविले. दोघांनी ते वाढविले. तिसऱ्याने जमिनीत पुरून ठेवले. त्याने चोरी केली नव्हती, उधळपट्टी केली नव्हती. तो भ्याला होता, एवढेच. तरीही धन्याने त्यास दोष दिला. ज्या मुलाच्या वा मुलीच्या हाती देवाने ही कला ठेविली आहे, त्यांनी इंग्रजीच्या भीतीने ती पुरून ठेवू नये. आणि पालकहो, ती पुरण्यासाठी खड्डा आपण खणू नये. मुलीच्या हाती ती तीन रकान्यांची वही द्या, आणि पहिला शब्द तिच्या शेजारी बसून आपणही लिहा.