फोटोखालची ओळ

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना वृत्तलेखन शिकवायचे म्हणजे मास्तराचीच परीक्षा असते. बातमीची व्याख्या मुले पाठ करतात, पेपरात उतरवतात आणि पास होतात. बातमी म्हणजे काय ते मात्र कळायचे राहूनच जाते. म्हणून गेल्या सहामाहीत मी एक युक्ती केली. नांदेडच्या आमच्या कॉलेजात बहुतेक मुले खेड्यापाड्यांतून येतात. त्यांना सांगितले, "घरी जपून ठेवलेले एखादे जुने कात्रण आणा, आणि ते का जपले एवढेच वर्गात सांगा."

मुलांनी तऱ्हेतऱ्हेची कात्रणे आणली. कुणी १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाचे आणले, कुणी चुलत्याच्या दहावीच्या निकालाचे. चाकूरकडचा एक मुलगा मात्र रिकाम्या हाताने आला. "आमचं कात्रण भिंतीवर चौकटीत आहे सर, काढू देत नाहीत," असे म्हणून त्याने मोबाईलवर घेतलेला त्याचा फोटो पुढे केला. पिवळ्या पडलेल्या कागदावर आकाश होते आणि त्या आकाशात पांढऱ्या छत्र्याच छत्र्या! कापसाची बोंडे एकाएकी उमलावीत तशा. खाली ओळ होती ती पूर्व पाकिस्तानात उतरणाऱ्या भारतीय छत्रीसैनिकांची.

"आमचे आबा यात आहेत," मुलगा म्हणाला. "टांगाईलला उडी मारली होती त्यांनी."

वर्गात टाळ्या पडल्या. मीही फुशारून गेलो. कात्रण कसे जपावे आणि का जपावे, यावर त्या दिवशी मी पाऊण तास बोललो.

रात्री टांगाईलविषयी थोडे अधिक वाचावे म्हणून बसलो, आणि माझी फुशारकी उतरली.

न निघालेला फोटो

घटना थोडक्यात अशी. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी कलकत्त्याच्या दमदम आणि कलाईकुंडा या विमानतळांवरून आपली सुमारे पन्नास विमाने उडाली. त्यांत छत्रीसैनिकांची एक पलटण होती, सुमारे सातशे जवानांची. टांगाईलजवळ लोहाजंग नदीवर पुंगली नावाचा पूल आहे. मैमनसिंग आणि जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणारी पाकिस्तानी ब्रिगेड या पुलावरून जाणार होती. तो पूल धरायचा आणि तिची वाट तोडायची, हे या पलटणीचे काम. तिचे नाव २ पॅरा, आणि तिचे मूळ आपल्या मातीतले. पूर्वीची ही तिसरी मराठा पलटण. १९५२ साली ती पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेली, तरी मराठा हे नाव तिने सोडले नाही. टांगाईलला तिचे नेतृत्व करणारे लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांना पुढे महावीरचक्र मिळाले.

कामगिरी फत्ते झाली. बातमीही जगभर गेली. पण बातमीबरोबर द्यायला फोटोच नव्हता! लष्कराचे जनसंपर्क अधिकारी आय. राममोहन राव यांच्याकडे त्या उडीचे एकही चित्र आले नव्हते. होते ते आदल्या वर्षीचे, आग्र्याला झालेल्या सरावाचे. त्या सरावात अख्ख्या ५० व्या छत्री ब्रिगेडने उड्या घेतल्या होत्या. तोच फोटो रावांनी वृत्तपत्रांना दिला आणि खाली ओळ घातली ती पूर्व पाकिस्तानातल्या उडीची. पुढे ही हकीकत त्यांनी स्वतःच सांगितली.

परिणाम काय झाला? फोटो पाहणाऱ्यांना आकाशभर छत्र्या दिसल्या. उतरली होती एक पलटण; जगाने मानले की ब्रिगेड उतरली. परदेशी वृत्तपत्रांत पाच हजारांचा आकडा छापून आला. ढाक्यातल्या पाकिस्तानी सेनापतींचे धैर्य खचायला जी अनेक कारणे झाली, त्यांत या बातमीचीही गणना करतात. १६ डिसेंबरला शरणागती झाली आणि सुमारे ९३ हजार माणसे कैद झाली.

म्हणजे चाकूरजवळच्या त्या घरातल्या भिंतीवर टांगलेले टांगाईल टांगाईल नव्हतेच. ते आग्रा होते.

कॅमेऱ्याचा शिपाई

छत्रीसैनिकांबरोबर कॅमेरावाला जातो ही गोष्ट नवी नव्हती. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी सैन्याने १९४१ साली चित्रपट आणि छायाचित्रे घेणारे स्वतंत्र पथकच उभारले होते. त्यातली माणसे आधी शिपाई आणि मग कॅमेरावाले. लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत त्यांना शिकवीत. सप्टेंबर १९४४ मध्ये हॉलंडमधल्या आर्नहेमला ब्रिटिशांची पहिली हवाई डिव्हिजन उतरली, तिच्याबरोबर स्मिथ, वॉकर आणि लुईस असे या पथकाचे तीन सार्जंट होते.

त्यांच्या हातात डेव्हराय नावाचा चौकोनी, डब्यासारखा कॅमेरा असे. घड्याळासारखी चावी द्यायची की तो चाले. त्यात मावे शंभर फूट फिल्म, म्हणजे जेमतेम एक मिनिट आणि काही सेकंद. मग उघडा, फिल्म बदला, पुन्हा चावी द्या. आणि हे सगळे तोफगोळे पडत असताना! एक मिनिटात काय टिपायचे आणि काय सोडायचे, हे माणसाने तिथल्या तिथे ठरवायचे. आवाज टिपण्याची सोय नव्हतीच. आज आपण ते चित्रपट पाहतो तेव्हा माणसे ओरडताना दिसतात, ऐकू मात्र काही येत नाही.

आर्नहेमला सुमारे दहा हजार माणसे गेली. नऊ दिवसांनी, २५ सप्टेंबरच्या रात्री, जी ऱ्हाइन नदी ओलांडून परतली ती अडीच हजारांच्या आत होती. त्यांत हे तिघेही होते. त्यांनी घेतलेल्या चित्रांतली उखळी तोफेवर वाकलेली, दाढी वाढलेली माणसे आज जगाला ओळखीची आहेत.

या तिघांतल्या माइक लुईसची कहाणी वेगळीच. तो आधी स्वतः छत्रीसैनिक होता, उत्तर आफ्रिकेत लढला होता, आणि नंतर कॅमेऱ्याकडे वळला. आर्नहेमनंतर सात महिन्यांनी, एप्रिल १९४५ मध्ये, तो बेल्सनच्या छळछावणीत जाऊन पोचला. स्वतः ज्यू असलेल्या या माणसाने तिथली प्रेतांची रास चित्रित केली. बेल्सनची ती चित्रे त्याच वर्षी छावणीच्या अधिकाऱ्यांवरच्या खटल्यात न्यायालयापुढे दाखविली गेली.

पण मला सर्वांत मोलाची वाटली ती एक साधी गोष्ट. या कॅमेरावाल्यांना प्रत्येक फिल्मबरोबर एक कागद भरून द्यावा लागे. तारीख कोणती, जागा कोणती, चित्रात कोण आहे आणि काय चालले आहे. चित्र कितीही उत्तम असो, त्या कागदावाचून ते अपुरे. आयुष्यभर शब्दांवर भाकरी मिळविणाऱ्या माझ्यासारख्याला हे वाचून बरे वाटले. डोळा कॅमेऱ्याचा, पण साक्ष शब्दांची! आग्र्याचा तो फोटो तरी कुठे खोटा होता? छत्र्या खऱ्या, जवान खरे, आकाश खरे. खोटी होती ती फक्त खालची ओळ.

चाकूरजवळ

आता प्रश्न असा पडला की, हे त्या आबांना सांगावे की नाही? वर्गात त्या फोटोवर पाऊण तास बोललेला मी. दुरुस्ती करणे भागच होते. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या भिंतीवरचा फोटो खोटा ठरविणारा मी कोण? दोन आठवडे हे ओझे वागवले. अखेर दिवाळीच्या सुटीत लातूरला घरी जाताना, लोहा-अहमदपूर करीत निघालेली एस. टी. मी चाकूरला सोडली. मुलगा मोटारसायकल घेऊन उभाच होता.

आबा ओसरीवर बसले होते. ताठ कणा, बारीक कापलेल्या मिशा. "या गुरुजी," म्हणाले. चहा झाला. सोयाबीनच्या भावाचे बोलणे झाले. फोटो समोरच होता. त्यावर ताजा झेंडूचा हार. मी आडवळणाने सुरुवात केली, "आबा, या फोटोबद्दल मी थोडं वाचलं..."

आबा हसले. "आग्र्याचा हाय, हेच ना?"

मी गप्पच झालो. नातवाने माझ्याकडे पाहिले, मग आबांकडे.

"उजेड बगा की फोटोतला," आबा म्हणाले. "आमी टांगाईलला उतरलाव तवा दिस बुडाया आलता. डिसेंबरातला दिस तो, किती ऱ्हातोय? खाली तळी, भाताची वावरं. सामान कुठं कुठं पान्यात गेलं. गावातली मानसं पळत आली, आमाला वाटलं आता काय की! तर 'जोय बांगला' म्हनत त्यांनी आमचं ओझं डोक्यावर घेतलं. मंग अंधारातच पुलाकडं. त्या रातीचा फोटू कुनी काढावा? आन् कशानं?"

मग त्यांनी पुलावरची ती रात्र सांगितली. फार बोलले नाहीत. अंधारात समोरून गाड्या आल्या, गोळीबार झाला, सकाळी रस्त्यावर काय दिसले, तेवढेच. दुसऱ्या दिवशी, १२ तारखेच्या संध्याकाळी, उत्तरेकडून जमालपूर जिंकून पहिली मराठा पलटण येऊन त्यांना मिळाली. ते सांगताना मात्र आबांचा आवाज बदलला. "परमुलखात, झाकड पडलेलं, आन् पलीकडनं मराठीतनं हाक आली. गुरुजी, त्या हाकंचा फोटू निघतोय का?"

"पण आबा," नातवाने विचारले, "तुम्हाला ठाऊक होतं तर आम्हाला सांगितलं का नाही? हा हार, ही चौकट..."

आबा जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "ह्यो फोटू मी लावलेला न्हाई बाबा. तुज्या आजीनं लावलाय."

हकीकत अशी. तेव्हा लातूर जिल्हा व्हायचा होता. हा मुलूख उस्मानाबादेत मोडे. वर्तमानपत्र गावात एक येई, तेही शाळेत, आणि तेही दोन दिवस शिळे. आबांचे लग्न होऊन वर्ष झाले होते. लढाई सुरू झाल्यापासून त्यांचे पत्र नव्हते. सासू-सासरे बोलत नसत. लष्कर म्हटले की १९४८ सालच्या रझाकारांच्या आणि पोलीस ॲक्शनच्या आठवणी अजून ताज्या होत्या. एके दिवशी शाळेतले गुरुजी हातात पेपर घेऊन घरी आले. नवरा 'छत्रीच्या पलटणीत' आहे एवढेच त्या मुलीला ठाऊक होते. गुरुजींनी चित्रावर बोट ठेवून खालची ओळ वाचली. तिला वाचता येत नव्हते. तिने एवढेच विचारले, "समदे खाली उतरले का?" गुरुजी म्हणाले, "उतरले, पोरी. बघ, सगळ्या छत्र्या उघडल्यात."

तिने तो तुकडा मागून घेतला, खळीने पुठ्ठ्यावर चिकटवला आणि देवघरात ठेवला. आबांचे पत्र यायला जानेवारी उजाडला. तोवर रोज ती त्या छत्र्या मोजायची.

"मी रजेवर आलो, तिनं फोटू पुढं केला. म्हनली, यातले तुमी कोनते? आता काय सांगू? म्या एका छत्रीवर बोट ठिवलं." आबा थांबले. "तशी समदीच लबाडी नव्हती बरं का. आग्र्याच्या त्या सरावात मी बी होतो. यात असंन बी कुठंतरी. पर ती ज्या दिवसाची वाट बगत होती, तो दिवस यात न्हाई."

आजीला जाऊन तीन वर्षे झाली. शेवटपर्यंत हार तीच घालीत असे.

मी काय बोलणार? दोन आठवडे जी खरीखोटी मी घोळवत होतो, ती या माणसाने पन्नास वर्षांहून अधिक काळ एकट्याने वागवली होती. त्याच ओळीने ढाक्यातल्या सेनापतीला भिववले आणि चाकूरजवळच्या एका पोरीला धीर दिला. तरीही ती ओळ खोटीच होती, आणि तिच्यामुळे एक खरा दिवस झाकला गेला होता. पुंगलीच्या पुलावरची रात्र या घरातल्या नातवालाही आज पहिल्यांदा कळत होती. भिंतीवर फोटो आहे म्हटल्यावर आबांना विचारणार कोण?

ते मी आबांना बोलून दाखवले. आर्नहेमच्या कॅमेरावाल्यांचा तो कागदही सांगितला. आबांनी मान हलवली. उठून चौकट काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि माझ्यापुढे पालथी ठेवली.

"तुमी मराठीचे गुरुजी. अक्षर चांगलं असंल. मागं लिवा. म्होरं काय बी लिवू नका, म्होरं तिचं हाय."

त्यांनी सांगितले तसे मी पाठीवर लिहिले: 'हा फोटो आग्र्याच्या सरावाचा. टांगाईलच्या उडीचा फोटो निघाला नाही. ११ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी मी तिथे उतरलो.' खाली आबांनी सही केली आणि सहीखाली आपला फौजी नंबर न अडखळता लिहिला.

नातवाने चौकट पुन्हा खिळ्याला लावली, हार सारखा केला. मग त्याने मोबाईल काढला. मला वाटले, फोटो घेतोय. पण त्याने तो आबांच्या पुढ्यात पाटावर ठेवला, आवाज टिपायचे बटण दाबले आणि म्हणाला, "आबा, दमदमपासून सांगा."

वाचकहो, दिवाळीच्या झाडलोटीत भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात. पुसून पुन्हा लावण्यापूर्वी एकदा त्या उलट्या करून पाहा. मागे काही लिहिलेले नसेल, तर ज्याला ठाऊक आहे तो माणूस घरात असेतोवर त्याला विचारून घ्या.