चेक कुणाच्या नावानं?

टेक्ससमधल्या छोट्या गावातल्या बाप्टिस्ट चर्चची बुधवारची संध्याकाळ साधीच असते. रविवारचा थाट नसतो. आधी सगळ्यांचं मिळून जेवण, मग प्रार्थना, आणि ठरलेल्या बुधवारी ‘बिझनेस मीटिंग’. आपल्या हाउसिंग सोसायटीची सर्वसाधारण सभा पाहिलेल्या कुणालाही ती अनोळखी वाटणार नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त, खजिनदाराचा हिशेब, छपराच्या गळतीचा खर्च, ‘मंजूर?’ ‘मंजूर!’ पाळकापासून काल बाप्तिस्मा घेतलेल्या पोरापर्यंत प्रत्येकाला एकच मत. १९९८ नंतरच्या काही वर्षांत टेक्ससमधल्या शेकडो मंडळ्यांच्या अशा सभांपुढे एक विषय आला. वरवर पाहता तो हिशेबाचाच होता : आपण दर महिन्याला पाठवतो तो चेक यापुढे कोणत्या कन्व्हेन्शनच्या नावानं लिहायचा?

छपरासाठी आवाज न चढवणारी माणसं या विषयावर उठून निघून गेली, त्यातली काही तर कायमचीच. कारण शोधायचं तर आधी कन्व्हेन्शन ही चीज समजून घ्यावी लागते.

आपल्याला चर्च म्हटलं की बिशप आठवतो. वर बिशप, खाली पाळक, त्याच्याखाली मंडळी. बाप्टिस्टांकडे हा जिनाच नाही. प्रत्येक स्थानिक मंडळी स्वतःची धनी. पाळक तीच नेमते, तीच काढते, इमारत तिच्याच नावावर. मग एकट्यादुकट्या मंडळीला न पेलणारी कामं, म्हणजे परदेशी मिशन, कॉलेजं, अनाथाश्रम, ती कुणी करायची? त्यासाठी मंडळ्यांनी स्वखुशीनं एकत्र येऊन उभी केलेली संस्था म्हणजे कन्व्हेन्शन. ते मंडळ्यांना हुकूम सोडू शकत नाही. वार्षिक सभेला जाणाऱ्यांना ‘डेलिगेट’ न म्हणता ‘मेसेंजर’ म्हणतात, तेही मुद्दाम. मंडळीनं आपला अधिकार कुणाकडे सोपवलेला नाही, हे त्या शब्दातून सांगायचं असतं. थोडक्यात, कन्व्हेन्शन हे सिंहासन नव्हे, थैली आहे. आणि थैलीवर राग काढायचा तर तिच्यात पैसे टाकणं थांबवायचं, एवढंच हातात उरतं.

या थैलीचा जन्म एका अर्थानं बंगालमध्ये झाला, आणि त्या गोष्टीत आपणही आहोत.

१८१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतून तरुण मिशनऱ्यांच्या दोन तुकड्या हिंदुस्थानाकडे निघाल्या. पाठवणारी संस्था काँग्रिगेशनल पंथाची, म्हणजे तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्यांची. ॲडोनिरम जडसन एका जहाजावर होता. ल्यूथर राइस, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट दुसऱ्यावर. त्या दुसऱ्या जहाजाचं नाव ‘हार्मनी’. कलकत्त्याजवळ श्रीरामपूरला इंग्रज बाप्टिस्ट विल्यम कॅरी ठाण मांडून बसलेला होता. आपल्याला तो ठाऊक आहे तो मराठीचं व्याकरण (१८०५) आणि कोश (१८१०) छापणारा म्हणून. त्याच्याशी बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर वाद घालावा लागणार, म्हणून जडसननं प्रवासातच शास्त्राचा अभ्यास सुरू केला आणि त्या अभ्यासानं स्वतःच बाप्टिस्ट झाला. सप्टेंबरात त्यानं कलकत्त्यात बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ राइसनंही. आता पंचाईत अशी, की ज्यांनी पैसे देऊन पाठवलं त्यांचा पंथच सुटला. जडसन ब्रह्मदेशाला गेला आणि राइस अमेरिकेला परतून घोड्यावरून गावोगाव वर्गणी मागत फिरला. त्यातून १८१४ मध्ये फिलाडेल्फियात बाप्टिस्टांचं पहिलं राष्ट्रव्यापी कन्व्हेन्शन उभं राहिलं. दर तीन वर्षांनी भरायचं म्हणून ते ‘ट्रायेनियल’.

‘हार्मनी’वरचे उरलेले दोघे, हॉल आणि नॉट, आपल्या मूळ पंथातच राहिले. कंपनी सरकारची हकालपट्टी चुकवत ते फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईला पोचले. अमेरिकन मराठी मिशन ते हेच. ‘ज्ञानोदय’ याच मिशनचा, नारायण वामन टिळकही याच मिशनचे. पुढे या परंपरेतल्या मंडळ्या आणि उत्तर हिंदुस्थानातले अनेक बाप्टिस्ट १९७० मध्ये नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’त एक झाले, आणि तेही बिशपच्या छत्राखाली! कॅरीला हे कितपत रुचलं असतं, कोण जाणे.

अमेरिकेत मात्र थैली फाटली. मालक गुलामांसह मिशनरी होऊ शकतो का, या प्रश्नावर मिशन मंडळांनी नकार दिला, तेव्हा दक्षिणेतल्या मंडळ्यांनी मे १८४५ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा इथं वेगळी चूल मांडली. हेच सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शन. गुलामगिरीच्या या वारशाबद्दल त्यानं ठरावानं माफी मागितली ती १९९५ साली, दीडशे वर्षांनी. अमेरिकेतला हा सर्वांत मोठा प्रोटेस्टंट पंथ. २००६ मध्ये त्याचे १ कोटी ६३ लाख सभासद होते, २०२४ मध्ये १ कोटी २७ लाखांच्या आसपास.

१९२५ मध्ये या कन्व्हेन्शननं ‘कोऑपरेटिव्ह प्रोग्रॅम’ नावाची योजना आणली. त्याआधी प्रत्येक कॉलेजचा आणि प्रत्येक मिशनचा माणूस रविवारी येऊन वेगळी झोळी फिरवायचा. आता मंडळीनं आपल्या दानातला एक हिस्सा राज्याच्या कन्व्हेन्शनकडे पाठवायचा. राज्यानं काही ठेवून घ्यायचा, उरलेला राष्ट्रीय कन्व्हेन्शनकडे द्यायचा. दोन पिढ्या ही व्यवस्था इतकी सुरळीत चालली, की ती ‘व्यवस्था’ आहे हेच लोक विसरले. नळाला पाणी येत असलं की धरण कुणाला आठवतं?

धरणाच्या दरवाजांकडे लक्ष गेलं ते दोघा टेक्ससवासीयांचं. ह्यूस्टनचे, पुढे न्यायाधीश झालेले पॉल प्रेसलर आणि तेव्हा धर्मविद्येचा विद्यार्थी असलेला पेज पॅटरसन १९६७ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ‘काफे द्यू माँद’मध्ये भेटले. पाळक घडवणाऱ्या सेमिनरींमधून पवित्र शास्त्राच्या अचूकपणावर शंका घेणारी शिकवण दिली जाते, अशी दोघांची तक्रार होती. उपाय त्यांनी पुढे शोधला तो धर्मशास्त्रात नव्हे, कन्व्हेन्शनच्या घटनेच्या कलमांत. अध्यक्ष एक समिती नेमतो, ती दुसरी समिती सुचवते, दुसरी समिती सेमिनरींचे आणि मिशनांचे विश्वस्त सुचवते, आणि विश्वस्त टप्प्याटप्प्यानं बदलतात. म्हणजे दहाएक वर्षं ओळीनं अध्यक्ष आपला आला, की सगळ्या संस्था आपल्या. साखर कारखान्याचं राजकारण पाहिलेल्या वाचकाला याहून जास्त सांगायला नको.

१९७९ मध्ये ह्यूस्टनच्या सभेत एड्रियन रॉजर्स अध्यक्ष झाले आणि त्यानंतर या दोघांचा परंपरानिष्ठ गट अध्यक्षपद हरलाच नाही. १९८५ च्या डॅलस सभेला ४५ हजारांहून अधिक मेसेंजर लोटले. असा जमाव ना आधी जमला होता, ना नंतर जमला. टेक्ससच्याच अमरिलोचे पाळक विनफ्रेड मूर तिथं चार्ल्स स्टॅन्लींकडून हरले. १९८८ मध्ये सॅन अँटोनियोत ‘प्रत्येक विश्वासणारा स्वतःच याजक’ या जुन्या बाप्टिस्ट तत्त्वाचा अर्थ पाळकाच्या अधिकाराला धक्का लावण्यासाठी काढू नये, असा ठराव झाला. तेव्हा विरोधातल्या मवाळ गटाची माणसं मोर्चा काढून अलामोच्या किल्ल्यापाशी गेली आणि त्यांनी ठरावाच्या प्रती फाडल्या. टेक्ससमध्ये अलामोला जाण्याचा अर्थ शाळकरी पोरालाही कळतो : इथं आपण हरलो, पण शरण गेलो नाही. १९९१ मध्ये मवाळांनी ‘कोऑपरेटिव्ह बाप्टिस्ट फेलोशिप’ काढली. मार्च १९९४ मध्ये फोर्ट वर्थच्या साउथवेस्टर्न सेमिनरीच्या विश्वस्तांनी अध्यक्ष रसेल डिल्डे यांना काढलं आणि त्यांच्या कार्यालयाची कुलुपंही बदलली. टेक्ससचे कितीतरी पाळक त्याच सेमिनरीत घडलेले. ती कुलुपं त्यांना आपल्याच घराची वाटली असणार.

राष्ट्रीय कन्व्हेन्शन गेलं, तरी राज्याचं कन्व्हेन्शन मवाळांच्या हातात राहिलं. ‘बाप्टिस्ट जनरल कन्व्हेन्शन ऑफ टेक्सस’ १८८६ चं. कॉलेजं, इस्पितळं, बालगृहं यांचा मोठा पसारा. या कन्व्हेन्शनमधल्या परंपरानिष्ठांनी मग १९९८ मध्ये ह्यूस्टनला आपलं वेगळं ‘सदर्न बाप्टिस्ट्स ऑफ टेक्सस कन्व्हेन्शन’ काढलं. त्याच वर्षी राष्ट्रीय कन्व्हेन्शनच्या श्रद्धानिवेदनात पत्नीनं पतीच्या अधीन राहावं हे कलम आलं. २००० च्या नव्या आवृत्तीत पाळकपद पुरुषांपुरतं झालं, आणि ख्रिस्त हाच शास्त्राचा अर्थ लावण्याचा निकष, हे १९६३ चं वाक्य गळलं. ऑक्टोबर २००० मध्ये कॉर्पस क्रिस्टीच्या सभेत जुन्या टेक्सस कन्व्हेन्शननं राष्ट्रीय सेमिनरींकडे आणि कार्यालयांकडे जाणारे ५० लाखांहून अधिक डॉलर दुसरीकडे वळवले.

आता वाद प्रत्येक गावात उतरला. बुधवारच्या त्या सभेत एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एका मंडळीचं वर्षाचं दान दोन लाख डॉलर, आणि जुन्या चालीप्रमाणे त्यातला दहावा हिस्सा, २० हजार, बाहेर पाठवायचा. (आता सरासरी पाच टक्क्यांच्याही आत आली आहे, पण हिशेबाला दहा सोपे.) जुन्या कन्व्हेन्शनच्या नेहमीच्या ७९–२१ वाटणीत १५,८०० डॉलर टेक्ससमध्ये राहतात आणि ४,२०० बाहेर जातात, ते कुठं जावेत हेही मंडळीनं सांगायचं. नव्या कन्व्हेन्शनच्या सूत्रानं ५५ टक्के, म्हणजे ११ हजार, थेट राष्ट्रीय थैलीत. तिथल्या अलीकडच्या अंदाजपत्रकांत निम्म्याहून किंचित जास्त वाटा परदेशी मिशनचा असतो, म्हणजे साडेपाच हजार. एकीकडे बालगृह, कॉलेजातलं विद्यार्थिकार्य, रिओ ग्रांदेच्या काठावरचं काम. दुसरीकडे परदेशातले मिशनरी आणि ज्यांच्या शिकवणुकीवर इतका वाद झाला त्या सेमिनरी. धर्मशास्त्र न शिकलेला शेतकरीही ही दोन आकड्यांची ओळ वाचू शकतो. उपदेशात महिनोन्महिने टाळलेला वाद खजिनदाराच्या कागदावर उघडा पडायचा तो असा.

‘पैशासाठी भांडतात’ असं बाहेरून म्हणणं सोपं आहे. मला ते पटत नाही. ज्या पंथात वर अधिकारी नाही आणि सर्वांना बांधणारी आज्ञा नाही, तिथं दशांशाचा चेक हीच सही असते. मेथडिस्टांची गोष्ट ताडून पाहा : तिथं इमारत पंथाच्या विश्वस्तनिधीत अडकलेली. २०१९ ते २०२३ या काळात युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून साडेसात हजारांवर मंडळ्या बाहेर पडल्या, त्या रीतसर परवानगी घेऊन आणि पैसे मोजून. बाप्टिस्टाला बाहेर पडायला काहीच लागत नाही. म्हणूनच त्याला दर वर्षी अंदाजपत्रकात पुन्हा ठरवावं लागतं, की आपण आत आहोत का.

आणि बुधवारच्या या सभांत सर्वांत अवघड प्रश्न सहसा म्हाताऱ्या बायकांचा असायचा : ‘मग लॉटी मूनचं काय?’ लॉटी मून १८७३ मध्ये चीनला गेली आणि १९१२ च्या नाताळच्या आदल्या दिवशी जपानच्या कोबे बंदरात बोटीवर वारली. तिच्या आग्रहावरून बायकांनी १८८८ मध्ये नाताळची वर्गणी सुरू केली. पहिल्या वर्षी ३,३१५ डॉलर जमले. आजही तिच्या नावाचं पाकीट घरोघर दिलं जातं आणि त्यातला पैसा राष्ट्रीय कन्व्हेन्शनच्या परदेशी मिशनला जातो. आयुष्यभर ते पाकीट भरणारीला कोणत्या ठरावानं समजवायचं? गंमत अशी, की त्या मिशननं २००२ मध्ये आपल्या मिशनऱ्यांकडून नव्या श्रद्धानिवेदनाला लेखी संमती मागितली, आणि ती न दिल्यानं काहींना घरी यावं लागलं. चीनच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगत फिरणाऱ्या लॉटी मूननं त्या कागदावर सही केली असती का, यावर दोन्ही बाजू आपापलं उत्तर ठासून देतात.

मवाळांचं कन्व्हेन्शन म्हणजे सगळं चालतं, असंही नाही. २०१६ मध्ये डॅलसच्या विल्शर बाप्टिस्ट चर्चनं समलिंगी सभासदांना इतरांसारखेच सर्व हक्क द्यायचं ६१ टक्के मतांनी ठरवलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात वेकोच्या सभेत जुन्या टेक्सस कन्व्हेन्शननं अशा मंडळ्या आपल्या सहकार्याबाहेर मानल्या. तुमचा निर्णय घ्यायला तुम्ही मोकळे, तुम्हाला न मोजायला आम्ही मोकळे : स्वायत्ततेचं नाणं दोन्ही बाजूंनी चालतं. उलट बाजूलाही सारं सुरळीत नाही. स्त्री पाळक असलेल्या मंडळ्यांना घटनेनंच बाहेर ठेवण्याची दुरुस्ती २०२४ मध्ये इंडियानापोलिसला ६१ टक्के मिळवूनही दोन-तृतीयांशाला कमी पडली, २०२५ मध्ये डॅलसला पुन्हा तेच. लैंगिक अत्याचारांच्या तक्रारी कशा दाबल्या गेल्या यावरचा मोठा अहवाल २०२२ मध्ये आला. पॅटरसन यांना २०१८ मध्ये त्याच साउथवेस्टर्नच्या विश्वस्तांनी अध्यक्षपदावरून काढलं. आणि २०१७ मध्ये प्लेनोच्या प्रेस्टनवुड या अवाढव्य, पक्क्या परंपरानिष्ठ चर्चनंही नाराजी कळवली ती कशी? दहा लाख डॉलरचा हिस्सा रोखून धरून.

एका सभेत निकाल लावायचं कितीतरी मंडळ्यांनी टाळलं. काही दोन्ही राज्य कन्व्हेन्शनांशी जोडलेल्या राहिल्या. तशी सोय आहे. काहींनी प्रश्न थेट बाकांवर नेला : मिशनची रक्कम कुठं जावी, ते ज्यानं त्यानं दानाच्या लिफाफ्यावर खूण करून सांगावं. अशा चर्चमध्ये सोमवारी सकाळी पैसे मोजणारे स्वयंसेवक लिफाफ्यांचे वेगळे गठ्ठे करतात, आणि एकाच आडनावाचे, एकाच घरचे दोन लिफाफे वेगवेगळ्या गठ्ठ्यांत पडले, तर वर न बघता पुढचा लिफाफा उचलतात.