गणेशवेल : बीजापासून फुलापर्यंत

लाल, ताऱ्यासारखी फुले आणि पिसासारखी नाजूक पाने असलेली गणेशवेल ही मॉर्निंग ग्लोरीच्या कुळातील असून मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेतील आहे. घरी पेरलेले बी रुजत नाही, अशी अनेकांची तक्रार असते. कठीण कवचामुळे बियांत पाणी शिरत नाही, हे त्याचे कारण होय. यास्तव बी पॉलिश पेपरवर हलकेच घासून रात्रभर पाण्यात भिजत ठेवावे. पावसाळ्याच्या आरंभी, भरपूर उन्हाच्या जागी, सुमारे १ सेंटीमीटर खोल पेरावे. रोप उपटून दुसरीकडे लावल्यास मुळे दुखावतात. म्हणून कायमच्या जागीच पेरून दोरीचा आधार द्यावा. खत बेताचेच घालावे, अन्यथा पाने माजतात व फुले कमी येतात. बोंडे वाळल्यावर पुढील वर्षासाठी बी जपून ठेवावे; मात्र ते पोटात गेल्यास अपायकारक असल्याने मुलांच्या हाती लागू देऊ नये.