ॲक्रिलिक रंगांचा ओनामा

आमच्या वहिनींच्या हातांत लग्नापूर्वीं कुंचला होता. पुढें संसाराच्या व्यापांत तो सुटला आणि बावीस वर्षें सुटलेलाच राहिला. तैलचित्र वाळावयास दिवसचे दिवस लागतात, टर्पेंटाइनचा वास घरभर पसरतो; आणि मुलाबाळांच्या घरांत ओलें चित्र ठेवावें तरी कोठें? जलरंगांत झालेली चूक सहसा झांकतां येत नाहीं. अशा घरांना ॲक्रिलिक रंग फार सोयीचे.

पाण्यांत मिसळणारे हे रंग १९५० नंतरच्या दशकांत बाजारांत आले. त्यांत रंगाची पूड ॲक्रिलिक राळेच्या अतिसूक्ष्म कणांसह पाण्यांत मिसळलेली असते. पाणी उडून गेलें कीं ते कण एकमेकांस चिकटून लवचीक पापुद्रा बनतो, आणि तो मग पाण्यानें विरघळत नाहीं. या रंगाचे बहुतेक गुणदोष या एका गोष्टींतून उद्भवतात.

आरंभास घरांतील पितळी तांब्याच घ्यावा. जाड कागदास किंवा कॅनव्हासला जेसो नांवाचें पांढरें अस्तर द्यावें. तेलकट पृष्ठभागावर हा रंग टिकत नाहीं. पेन्सिलीनें पुसट रेखाकृति काढून गेरूच्या छटेच्या पातळ रंगानें छायेचे भाग भरावे. मात्र पाणी बेतानेंच घालावें. तें फार झाल्यास राळेची पकड सैल होते. पातळ थर पुष्कळ द्यावयाचे असतील, तर पाण्याऐवजीं ॲक्रिलिक माध्यम वापरावें.

पातळ थर दहा-वीस मिनिटांत वाळतो. मग त्यावर दाट रंग चढवावा. ओला रंग वाळल्यावर किंचित् गडद होतो, म्हणून छटा आधीं वेगळ्या कागदावर वाळवून पाहावी. दोन छटा एकमेकींत मिसळावयाच्या असतील, तर लहान भाग घेऊन तो ओला असतांनाच काम उरकावें. वाळलेल्या भागावर फडक्यास पुसलेला, जवळजवळ कोरडा कुंचला हलकेच फिरविला तरी छटा मृदु होते. कांठावरील चकाकीचा पांढरा ठिपका अगदीं शेवटीं, दाट रंगाचा द्यावा.

रंग लागेल तेवढाच पिळावा. ओल्या फडक्यावर बटर पेपर पसरून त्यावर तो ठेवला, तर अधिक वेळ ओला राहतो. कुंचल्यांत मात्र रंग कधींही वाळूं देऊं नये.

वहिनींचा पहिला तांब्या बिघडला, आणि एक कुंचला वाळून काठीसारखा झाला. पण वाळलेल्या चित्रावर पांढरा हात देऊन त्यांनीं पुन्हां आरंभ केला. दुपारच्या निजानिजेंत तिसऱ्या खेपेस तांब्या साधला. तो पाहून आई एवढेंच म्हणाल्या, "सूनबाई, हा हात इतकीं वर्षें कोठें लपविला होतास?"

वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. त्या कुंचला धूत होत्या.