मध विकण्याआधी माशी वाचवा!

मधमाशीपालन म्हटलं की डोळ्यासमोर मधाची बाटली येते. साताऱ्यातल्या महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर 2022 साली देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथल्या बहुतेक घरांत हा जोडधंदा आहे. पण तुमच्या गावाला तसं जंगल नसेल तर?

तरीही धंदा होतो. माशीचं दुसरं काम बघा: परागीभवन. सांगलीत आटपाडी, जत भागात डाळिंबाच्या बागा आहेत. डाळिंबात नर फुलं वेगळी, फळ धरणारी वेगळी. माशी फिरली की सेटिंग सुधारतं. कलिंगड, दोडक्यातही नर-मादी फुलं वेगळीच. तिथे कीटकांशिवाय फळ धरणं अवघड. म्हणजे शेतकरी हाच तुमचा ग्राहक! फुलोऱ्याच्या काळात त्याला पेट्या भाड्याने द्या.

आता खरा धोका ऐका. समजा, तुमच्या 20 पेट्या आहेत आणि पेटीमागे भाडं 1,000 रुपये ठरलं. हातात आले 20,000. शेजारच्या बागेत भर दुपारी फवारणी झाली आणि 8 वसाहती मेल्या. नवी वसाहत 2,500 रुपयांना धरली, तर 20,000 तिथेच गेले. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या भागातले दर टाकून बघा. पण हिशोब असाच चालतो.

म्हणून पेटी उतरवण्याआधी या गोष्टी लेखी ठरवा:

1. फुलोऱ्यात कीटकनाशक शक्यतो नको. मारावंच लागलं तर माशीला कमी घातक औषध, तेही संध्याकाळी माश्या पेटीत परतल्यावर.
2. फवारणीआधी एक दिवस तुम्हाला फोन.
3. शेजाऱ्यांनाही कल्पना. माशी बांध ओळखत नाही, किलोमीटरभर सहज जाते.
4. पेटीजवळ सावली आणि स्वच्छ पाणी.

पेट्या रात्री हलवा, हवा खेळती ठेवा. फुलं नसलेल्या दिवसांत साखरेच्या पाकाचा खर्चही धरा.

आधी शिका, मग पैसे गुंतवा. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे, पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे प्रशिक्षणाची चौकशी करा.

आणि या आठवड्याचा होमवर्क: तुमच्या भागातल्या पाच बागायतदारांना भेटा. फुलोरा कधी येतो आणि फवारणी कधी होते, एवढंच विचारा. तुमचा धंदा या दोन तारखांवर उभा राहणार आहे!